रात्रपाळीनंतरच्या दुपारी लिहिलेला राजीनामा

‘मॅडम, पहिल्याच रात्री माझी ही गत झाली, म्हणजे मी या कामाला लायकच नाही, असं समजायचं का?’ नव्याने रात्रपाळी सुरू केलेल्या अनेकांकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. त्यांपैकी एका तरुण डॉक्टरचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

ती बीएएमएस झालेली, सव्वीस वर्षांची. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेत रुग्णवाहिकेवर चालकाबरोबर डॉक्टरही असतो. चालकाला तेथे पायलट म्हणतात. तिच्या पहिल्या रात्री तीन कॉल आले. बाळंतीण वेळेत ग्रामीण रुग्णालयात पोहोचली, दुचाकीवरून पडलेल्या मुलाचा हात मोडण्यावर निभावले. पहाटे चारच्या सुमारास मात्र एका वाडीवरून धाप लागलेल्या वृद्धाला आणताना वाटेतच त्यांचे हृदय थांबले. श्वासमार्ग मोकळा करताना तिने त्यांच्या तोंडातील कवळी काढली, हातमोज्यात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली आणि रुग्णालय येईपर्यंत ती छातीवर दाब देत राहिली. उपयोग झाला नाही.

सकाळी आठला पाळी संपवून ती स्कूटीवरून अठरा किलोमीटरवरच्या घरी आली. दहा वाजता अंथरुणावर पडली, तेव्हा खिडकीतून ऊन येत होते, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा फिरत होता. साडेअकराला सासूबाईंनी, उपाशी राहू नये म्हणून, मायेनेच हाक मारली. दुपारी एप्रन भिजत घालण्यापूर्वी तिने खिसे तपासले आणि हाताला ती कवळी लागली. रात्रभर कोरडे राहिलेले डोळे तेव्हा वाहू लागले. ती तासभर मोरीतच बसून राहिली, नंतर नवऱ्यावर विनाकारण ओरडली आणि संध्याकाळी तिने फोनवर राजीनामा लिहून काढला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

मी मृत्यूबद्दल विचारण्याआधी झोपेबद्दल विचारले. घडलेला प्रसंग लगेच बारकाव्यांसह वदवून घेण्याची सक्ती करू नये, या मताची मी आहे. आदल्या दिवशी ती सहाला उठली होती आणि नव्या कामाच्या उत्साहात दुपारी पडलीही नव्हती; म्हणजे स्कूटीला किल्ली लावली तेव्हा ती सव्वीस तास जागी होती. ‘नदीवरचा पूल कधी ओलांडला ते आठवतच नाही,’ असे ती हसत म्हणाली. मला हसू आले नाही. सलग सतरा तास जागरण झाले की शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असल्यासारखी प्रतिक्रिया मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे, आणि आपल्या कायद्यात वाहन चालवण्यासाठी मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. तिच्या रडण्यापेक्षा त्या न आठवणाऱ्या पुलाची काळजी मला अधिक वाटली.

तिला मी एवढेच समजावले, की थकवा आणि दुःख या दोन वेगळ्या गोष्टी त्या दुपारी एकमेकींत मिसळल्या होत्या. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, दिवसा शरीराचे घड्याळ जागे राहा म्हणून सांगत असते आणि अपुऱ्या झोपेत मन वाईट गोष्टीला नेहमीपेक्षा तीव्र प्रतिसाद देते; अशा अवस्थेत स्वतःच्या लायकीविषयी दिलेला निकाल ग्राह्य धरू नये. चार पाळ्या आणि पुरेशी झोप होईपर्यंत निर्णय लांबवा, असे मी सुचवले. राजीनामा पुसायला मात्र सांगितले नाही. तो तिचा हक्क आहे.

पुढची व्यवस्था सासूबाईंनीच हाती घेतली. मागच्या खोलीच्या खिडकीला गोधडी लागली, दाराची बेल बंद झाली, जेवण झाकून ठेवले जाऊ लागले. पाळीच्या आधी दुपारी दीड तास झोप, पहाटे तीननंतर चहा नाही आणि परतीला स्कूटीऐवजी एसटी, एवढे तिने पाळले. तोच प्रसंग महिनाभरानंतरही डोळ्यांपुढे येत राहिला, झोपेतून दचकून जाग येऊ लागली किंवा गाडीत चढणेच टाळावेसे वाटले, तर मदत घेण्यासाठी थांबू नये, हेही मी सांगितले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जीव नकोसा वाटला, तर एक दिवसही थांबू नये.

उरली ती कवळी. टाकून देववत नव्हती आणि घरात ठेववत नव्हती. काय करावेसे वाटते, असे मी विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून तिने ती परत द्यायची असल्याचे सांगितले. सुट्टीच्या दिवशी पायलट काका तिला आपल्या गाडीतून वाडीवर घेऊन गेले. वृद्धाच्या पत्नीने कवळी तांब्यातल्या पाण्याने धुतली, पदराला पुसली, कोनाड्यात ठेवली आणि दोघांना चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही. परतीच्या वाटेवर पूल आला, तेव्हा ती मागच्या आसनावर गाढ झोपलेली होती, असे पायलट काकांनी तिला नंतर सांगितले.