सखू चोरीला गेली, त्याला पाच महिने झाले

ताई, नमस्कार.

मी 47 वर्षांची, कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. रात्र रात्र झोप यायची नाही. वर्षभराने एका मैत्रिणीची जुनी निळी सायकल विकत घेतली आणि पहाटे पाचला बाहेर पडायला लागले. सासूबाई घरी होत्या, म्हणून जमलं. चांदणी चौकाचा चढ, भूगाव, पिरंगुट आणि परत. त्या चढावर अंधारात मी खूप रडले आहे, कुणी बघायला नसायचं. सायकलीचं नाव सखू ठेवलं. दहा वर्षं आम्ही एकत्र होतो. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकल फेरीसुद्धा तिच्यावरच पूर्ण केली, 13 तास 10 मिनिटांत.

जानेवारीत पार्किंगमधून कुलूप तोडून कुणीतरी तिला घेऊन गेलं. मी तिथेच खाली बसून मोठ्याने रडले. शेजारी जमा झाले. मिस्टर गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते आणि तेच मला आता खातंय. अजूनही रविवारी जुन्या बाजारात जाऊन बघते. सिग्नलला निळी सायकल दिसली की वाकून तिचं पायडल बघते. नेणारा पावसाआधी चेनला तेल तरी घालेल का, असले विचार येतात.

मुलाने इंटर्नशिपच्या पैशातून मला नवी सायकल आणली. तिला मी अजून हात लावलेला नाही. परवा तो म्हणाला, ‘आई, वस्तूच होती ना ती?’ मी त्याच्यावर ओरडले. एका वस्तूपायी मी पोटच्या पोराला दुखावते आहे. माझं काही बिघडलंय का?

सखूची मालकीण, कोथरूड

•

सखूच्या मालकीणबाई,

तुमच्या पत्रात सायकल आहे, मुलगा आहे, जुना बाजार आहे. पण मी अडकले ते ‘एवढी रडले नव्हते’ या वाक्यापाशी. आधी त्याच्याबद्दल बोलू.

तुम्ही मिस्टरांसाठी रडलात. कुठे, तेही तुम्हीच लिहिलंय. घरात नऊ वर्षांचं लेकरू आणि पोटचा मुलगा गेलेल्या सासूबाई. त्या घरात तुम्ही कुठल्या खोलीत रडणार होतात? चढावर माणसाला धाप लागतेच, नाक-डोळे वाहतातच, कुणी काही विचारत नाही. तुम्ही तिथे रडलात. कधी रोज, कधी आठवड्याने, पण दहा वर्षं. लोकांनी ते पाहिलं नाही, म्हणून ते कमी होत नाही. पार्किंगमधलं रडणं चारचौघांनी पाहिलं, म्हणून ते तुम्हाला मोठं वाटतंय. या दोन रडण्यांची तुलना करून स्वतःला दोष देणं आजपासून थांबवा.

याचा अर्थ सखूचं दुःख हे ‘खरं तर दुसऱ्याच कशाचं’ आहे, असं मी म्हणत नाही. असं समजावणारी माणसं तुम्हाला भेटली असतील. सखूचं दुःख सखूचंही आहे. आपण खंडेनवमीला हत्यारं आणि अवजारं पुजतो, शिंपी शिलाई मशीनला झेंडू वाहतो, गावोगावचे सायकलवाले पान्यांना हळदकुंकू लावतात. ज्याच्या जिवावर दिवस निघाले त्याला नुसती वस्तू म्हणायचं नाही, हे आपल्याकडे फार जुनं आहे.

त्याला शरीराचंही कारण आहे. 1996 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी माकडांना छोट्या दाताळ्याने लांबचा खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. हाताच्या आसपास काही आलं की मेंदूतल्या ज्या पेशी जाग्या व्हायच्या, त्या आता दाताळ्याच्या टोकाशी काही आलं तरी जाग्या व्हायला लागल्या. मेंदूने दाताळं हाताचाच भाग मानलं. तुम्ही तर दहा वर्षं चालवलीत. खड्डा यायच्या आधी कोपर सैल सोडणं, उतारावर ब्रेक किती दाबायचा हे बोटांना ठाऊक असणं, यातलं तुम्ही काहीच विचार करून करत नव्हतात. सायकल गेली तरी ती सवय अजून तुमच्या हातापायांत आहे. म्हणून सिग्नलला वाकून बघता. तुमचं काही बिघडलेलं नाही.

पायडलच का बघता, हे तुम्ही लिहिलं नाहीत. काहीतरी खूण असणार. ती मला सांगू नका. कुणाला सांगायची, ते पुढे येतंच.

आता शोधाचं. पोलिसांत तक्रार केली की नाही, हे पत्रात नाही. केली नसेल तर आजही करा आणि ‘हरवली’ असं न लिहिता ‘चोरीला गेली’ असं स्पष्ट लिहा. बहुतेक सायकलींवर फ्रेम नंबर पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटाखाली कोरलेला असतो. मैत्रिणीकडे मूळ बिल असेल तर त्यावर तो असू शकतो. एखाद्या जुन्या फोटोत सायकल उलटी करून ठेवलेली असेल तर तो फोटो मोठा करून पाहा. नंबर आणि फोटो तुमच्या सायकलवाल्या मंडळींना आणि दोन-चार दुरुस्तीच्या दुकानांत देऊन ठेवा. एवढं झालं की तुमच्याकडून जे व्हायचं ते झालं. मग जुना बाजार बंद. ठरवून बंद, या रविवारपासून. तिथून तुम्ही दर वेळी हात हलवत परत येता आणि प्रत्येक खेपेला ती नव्याने चोरीला जाते.

‘कुणा गरजूच्या कामी आली असेल’ असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. चोरी ती चोरी. तिच्या चेनला तेल मिळतंय की नाही, हे तुम्हाला बहुधा कधीच कळणार नाही. हे कठीण आहे आणि माझ्याकडे त्यावर औषध नाही.

आता तुमचा मुलगा. ‘वस्तूच होती ना’ हे ऐकून तुम्ही ओरडलात. पण मला एक सांगा, ती वस्तूपेक्षा जास्त होती हे त्याला कुणी सांगितलं? तो झोपलेला असताना तुम्ही जायचात आणि तो उठायच्या आत डोळे पुसून, डबा करायला हजर असायचात. त्याच्यापासून लपवण्यासाठीच तर ती पहाट होती आणि ते तुम्हाला फार चांगलं जमलं. त्याला आठवते ती न रडणारी आई. वडील गेले तरी न रडलेली आई एका सायकलीसाठी पार्किंगमध्ये ओक्साबोक्शी रडते, हे वीस वर्षांच्या पोराने कसं समजून घ्यायचं? कदाचित त्याच्याही मनात तेच वाक्य असेल, जे तुम्हाला खातंय. बाबांसाठी आई एवढी रडली नव्हती. त्याने ते तुम्हाला विचारलेलं नाही. त्याने स्वतःच्या कमाईची सायकल आणून पार्किंगमध्ये उभी केली.

त्याला सांगा. माफीपासून सुरुवात करू नका, चांदणी चौकापासून करा. पहाटे पाचला काय व्हायचं ते सांगा. ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि आपण वीस मिनिटं राखून पोचलो, तेव्हा पहिली आठवण कुणाची आली, ते सांगा. पायडलची खूण सांगा. एका बैठकीत सगळं सांगून व्हायचं नाही, आणि होऊही नये. सांगताना रडू आलं तर आवरू नका. आता तो नऊ वर्षांचा नाही. आणि त्याचे बाबा गेले होते, हे विसरू नका. त्याच्याकडेही इतक्या वर्षांचं काहीतरी साठलेलं असेल.

नवी सायकल घेतली म्हणजे सखूशी बेइमानी, असं मनात असेल तर त्या माकडांकडे पुन्हा जाऊ. दाताळं नुसतं हातात धरून बसलं की मेंदूत काही बदलत नव्हतं, वापरलं तरच बदलत होतं. नवी सायकल पार्किंगमध्ये उभी आहे तोवर ती परकीच राहणार. पहिले काही दिवस तर ती मुळीच आवडणार नाही, हे आधीच धरून चाला. सीट जरा इकडेतिकडे असली तरी गुडघ्याला कळतं, हँडल लांब पडलं तर मान धरते. नव्या सायकलीचा राग येण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. पहिल्याच दिवशी चांदणी चौकाला जाऊ नका. तो रस्ता सखूबरोबरचा आहे, तो राहू दे. सपाट रस्त्याने जा, कर्वे रस्त्याला गर्दी व्हायच्या आत नदीपर्यंत आणि परत. हिचं नाव ठेवायची घाई नको. नाव ठेवलंच नाहीत, तरी चालेल.

निघण्याआधी सीटची उंची बघून घ्या. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल अगदी खाली न्यायचं, गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलायला नको. भिंतीला टेकून एकटीने हे नीट जमत नाही. समोर उभं राहून, पुढचं चाक दोन पायांत धरून कुणीतरी हँडल घट्ट पकडावं लागतं. मुलाला खाली बोलवा.