सुटका, सुटी की नुसतं ‘सोडलं’?

एका ताईंनी विचारलंय की इराणमध्ये मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गिस मोहम्मदींवर मराठीत टिपण लिहिताना, ४ डिसेंबर २०२४ ला त्यांना तुरुंगातून बाहेर पाठवलं त्या घटनेला नेमकं काय म्हणायचं, कारण कुठे ‘सुटका’ दिसतं, कुठे ‘तात्पुरती सुटका’, कुठे ‘जामीन’ आणि एका ठिकाणी तर चक्क ‘मुक्तता’. एवढा कीस काढायची खरंच गरज आहे का, असंही त्यांनी शेवटी विचारलंय.

माझ्या मते आहे.

आधी झालं काय ते बघू. नर्गिस मोहम्मदी तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. २०२३ चं शांततेचं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा समितीनेच हिशोब मांडला होता, १३ वेळा अटक, ५ वेळा दोषी, एकूण ३१ वर्षं कैद आणि १५४ फटके. पुढे पायाच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर २१ दिवसांसाठी त्यांना बाहेर पाठवलं. बास, एवढंच. शिक्षा रद्द नाही, कमी नाही, आणि दिवस मोजून दिलेले.

आता ‘सुटका’ हा शब्द मराठीत कुठेकुठे येतो ते आठवून बघा. बाळंतीण सुखरूप मोकळी झाली की आपण म्हणतो सुटका झाली, कोणी वर्षानुवर्षं दुखण्यात खितपत पडून गेलं की म्हणतो सुटली बिचारी. म्हणजे जे चाललं होतं ते संपलं, परत येणार नाही, हे त्या शब्दात गृहीतच असतं. शाळासुद्धा ‘सुटते’, पण ती उद्या परत भरणार असते म्हणूनच मुलांची शाळेतून ‘सुटका’ झाली असं रोज कोणी म्हणत नाही, त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, सुटी. दोन्ही शब्द एकाच ‘सुट’ मधून आलेत, पण सुटी मोजून मिळते आणि सुटका मोजत नाहीत. ‘तात्पुरती सुटका’ मला म्हणूनच खटकतं, पहिला शब्द दुसऱ्याला खोटं पाडतो.

गंमत बघा, फारसीत कैद्याला मिळणाऱ्या अशा रजेला ‘मोरख्खसी’ म्हणतात, आणि ऑफिसातून घेतात त्या रजेलाही हाच शब्द. आपल्याकडच्या जुन्या ‘रुखसत’चं हे सख्खं भावंड. पण नर्गिसबाईंना ती रजासुद्धा मिळाली नाही! त्यांच्या शिक्षेला २१ दिवसांची स्थगिती दिली. फरक बारीक वाटतो पण आहे मोठा, कारण रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात आणि स्थगितीत शिक्षेचं घड्याळच थांबतं, म्हणजे ऑपरेशननंतर घरी पडून काढलेले ते दिवस नंतर आत जाऊन भरून द्यायचे. त्यांच्या बाजूच्या लोकांनी हे तेव्हाच सांगितलं होतं. असं असताना बातमीत ‘सुटका’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं चला, सुटल्या एकदाच्या, आणि तो पान उलटतो. सरकारला अजून काय हवं असतं?

ही युक्ती नवी नाही. ब्रिटनमध्ये मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायका तुरुंगात उपोषण करायच्या, म्हणून १९१३ मध्ये तिथे एक कायदा आला. त्याच्या अधिकृत नावात ‘आजारपणामुळे तात्पुरतं सोडणं’ असाच शब्दप्रयोग होता. उपोषणाने बाई मरायला टेकली की सोडायचं, जरा सावरली की परत आत. या लढ्याच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्टना ३ वर्षांची शिक्षा होती आणि त्या अशाच कितीतरी वेळा आतबाहेर झाल्या. लोकांनी मात्र या कायद्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हटलं, आणि आज तेच नाव सगळ्यांच्या लक्षात आहे. नाव अचूक असलं की टिकतं.

‘जामीन’ इथे चुकीचाच आहे, कारण जामीन बहुतेक वेळा खटला चालू असताना असतो. तो शब्द चीनमधल्या त्या पाच जणींना लागू पडतो ज्यांना मार्च २०१५ मध्ये महिला दिनाच्या तोंडावर उचललं, का तर बस-मेट्रोमधल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचा त्यांचा बेत होता. ३७ दिवसांनी त्या बाहेर आल्या, पण जामिनावर आणि संशयित म्हणूनच, त्यालाही लोकांनी ‘सुटका’ म्हटलं. ‘मुक्तता’ तर कोर्टाच्या मराठीत ‘निर्दोष मुक्तता’मुळे वेगळ्याच अर्थाने पक्का झालाय, तो इथे नकोच. आणि ‘माफी’ लिहायची वेळ आली तर कोणी दिली तेही लिहा. हिजाबवरून पकडल्यावर कोठडीत मरण पावलेल्या महसा अमिनीची बातमी देणाऱ्या इराणमधल्या दोन पत्रकार, निलूफर हमेदी आणि इलाहे मोहम्मदी, १७ महिने आत होत्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना माफी मिळाली. बातमी देणं हा गुन्हा कधीपासून झाला की त्याला माफी लागावी? तिथे ‘सरकारने माफी दिल्याचं सांगितलं’ एवढंच लिहावं.

मला सगळ्यात खरा वाटलेला शब्द सौदीतल्या लुजैन अल-हथलूलच्या घरच्यांचा. बायकांच्या ड्रायव्हिंगवरची बंदी उठायच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये, ती बंदी उठावी म्हणून लढलेल्या लुजैनलाच पकडलं, १००१ दिवसांनी १० फेब्रुवारी २०२१ ला सोडलं, वर प्रवासबंदी आणि उरलेल्या शिक्षेची टांगती तलवार. बहिणीने जगाला काय कळवलं, तर लुजैन घरी आहे. सुटली नाही, मोकळी झाली नाही. घरी आहे.

तेव्हा ताई, ‘सोडलं’ हे क्रियापद वापरा, कारण त्यात सोडणारा दिसतो, आणि मुदत वाक्यातच घाला, कंसात नको. ‘शिक्षा २१ दिवस स्थगित करून नर्गिस मोहम्मदींना तुरुंगाबाहेर सोडलं’. लांबतं, पण चालेल. आणि टिपणात पुढची ओळही येऊ द्या, की मुदत संपल्यावरही त्या बाहेर राहिल्या, बोलत राहिल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मशहद शहरात एका वकिलाच्या स्मृतिसभेत त्यांना परत पकडलं.