पहाटेच्या अंधुक उजेडात बीव्हर टिपताना

सोलापूरची मुलं शिकायला, नोकरीला परदेशी गेली आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाणारे आई-वडील आता सोबत कॅमेरा नेऊ लागलेत. त्यामुळे काळवीट आणि रोहितबरोबर बीव्हरबद्दलची पत्रंही येतात. बीव्हर म्हणजे नदीकाठी झाडं कुरतडणारा, काटक्यांचं घर आणि पाण्यात बांध बांधणारा प्राणी. या वेळी तीच घेतली आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पहाटे लांडग्याची वाट बघणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल, कारण उजेड अपुरा आणि प्राणी बुजरा, ही अडचण दोन्हीकडे सारखीच.

प्रश्न : जूनमध्ये मुलाकडे स्कॉटलंडला, पर्थला जाणार आहे. तिथल्या टे नदीत बीव्हर आहेत असं तो सांगतो. माझ्याकडे १००–४०० ची लेन्स आहे. पहाटे किती वाजता गाठावं?
— निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

बाई, मुलगा बरोबर सांगतोय. टे आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात बीव्हर चांगले रुजलेत. २००९ मध्ये नॉर्वेहून आणलेले बीव्हर स्कॉटलंडमध्येच नॅपडेलच्या जंगलात सरकारी परवानगीने सोडले होते. टे खोऱ्यात मात्र ते त्याआधीपासूनच वाढत होते. २०१९ पासून त्यांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्या घराची मोडतोड करणं किंवा त्यांना मुद्दाम त्रास देणं हा गुन्हा ठरतो.

पहाटेच जायचं, पण पहिल्याच दिवशी नको. आधी दोन-तीन संध्याकाळी नुसत्या बघण्यात घालवा. संध्याकाळी बीव्हर घरातून बाहेर पडतो, म्हणजे तो कुठून निघणार हे ठाऊक असतं. पहाटे तो रात्रभर चरून परततो, आणि कुठल्या बाजूने येईल याचा अंदाज नसेल तर अंधारात अनोळखी काठावर बसून हाती काही लागत नाही. उजेडी काठावर फिरून खुणा शोधा. ताज्या कुरतडलेल्या बुंध्याशी पांढुरके ढलपे पडलेले असतात, साल सोललेल्या काटक्या पाण्यावर तरंगतात, आणि चिखलात एक गुळगुळीत घसरण दिसते. ती त्याची रोजची पायवाट. तिच्यासमोर, पाणी मध्ये ठेवून बसा. घरावर किंवा बांधावर पाय ठेवू नका.

जूनमध्ये तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणजे साडेतीनला जागेवर असायला हवं. ऐकून दडपण येईल, पण त्यात एक फायदाही आहे. सोलापुरात तांबडं फुटल्यापासून सूर्य वर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिथे जूनमध्ये तोच संधिप्रकाश पाऊण तासाहून जास्त टिकतो. उजेड सावकाश वाढतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. रात्र लहान असल्यामुळे बीव्हरलाही उजेडात पोट भरावं लागतं, म्हणून जून-जुलै हेच महिने सगळ्यात चांगले.

बीव्हरची नजर अधू, पण नाक फार तिखट. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येईल अशी जागा धरा. अत्तर नको, वासाचं तेल नको. त्याने पाण्यावर शेपटी आपटली, तर तो इतरांना धोक्याची सूचना देतोय आणि तो धोका तुम्ही आहात. तेव्हा बटण दाबत बसू नका, अगदी स्तब्ध राहा. बराच वेळ कोणी वर आलं नाही तर त्या दिवसापुरतं उठा.

आणि डोक्यावर घ्यायची बारीक जाळी विसरू नका. तिथे उन्हाळ्यात मिज नावाची चिलटं असतात आणि वारा पडलेल्या पहाटे ती अंगावर तुटून पडतात. चिलटं हाकलायला हात हलला की बीव्हर गेला म्हणून समजा.

प्रश्न : वन्यप्राण्यांसाठी शटर १/५०० च्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) खाली आणू नये असं मित्र सांगतात. पहाटे तसं केलं की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, २५,६०० वर जातो आणि फोटोत नुसते दाणे येतात. काय चुकतंय?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, अक्कलकोट रोड

तो नियम दिवसाउजेडी पळणाऱ्या काळविटाचा. पहाटेचा हिशोब वेगळा आहे, आणि तो एकदा कागदावर मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं. आभाळ निरभ्र आहे आणि सूर्य उगवायला दहा-बारा मिनिटं आहेत असं धरा. एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं तो आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त) आणि आयएसओ ६४०० वर शटर १/३० च्या आसपास येतं. सूर्य क्षितिजावर येईपर्यंत तेच शटर १/२५० च्या पुढे जातं. एवढ्याशा वेळात उजेड आठपटीहून जास्त वाढतो. झाडांच्या सावलीतल्या पाण्यावर एखाद-दोन स्टॉप आणखी कमी धरा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). एफ २.८ ची लेन्स असेल तर एफ ५.६ च्या चौपट उजेड मिळतो, म्हणजे १/३० चं १/१२५ होतं. पण ती लेन्स महाग आणि जड. ती नाही म्हणून पहाट सोडून देऊ नये.

त्यापेक्षा प्राण्याचे थांबे शोधा. बीव्हर काठावर बसून फांदी दोन हातांत धरतो आणि साल कुरतडतो. जबडा हलत असतो, पण मध्येच तो थांबतो, कान टवकारतो, हवा हुंगतो. त्या क्षणी १/६० सुद्धा पुरतं, एखाद्या वेळी १/३० सुद्धा. अशा वेळी पाच-सहा फोटोंची झड लावा, त्यातला एखादा कडक निघतो. सरळ संथ पोहताना १/२०० ते १/२५० ठेवा. बुडी, भांडण, शेपटीचा फटका यांसाठी १/१००० लागतं, तेव्हा ते सूर्य वर आल्यावरच बघायचं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, प्राण्याची हालचाल थांबवत नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल तेवढी. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. गडद पाण्यात गडद प्राणी असेल तर कॅमेरा चित्र उगाच उजळ करतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप द्या. धुकं असेल तर उलट, अधिक दोन-तृतीयांश. पण आयएसओच्या भीतीने फोटो मुद्दाम काळा काढून नंतर संगणकावर उजळू नका. सावल्या ओढून वर आणल्या की त्यातले दाणे जास्तच बोचतात. दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आता फार चांगली आहेत, हललेला डोळा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर खरा करून देत नाही. दाणेदार पण कडक फोटो मी कधीही निवडेन.

एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. सूर्योदयाआधी पूर्वेकडे तोंड करून बसा. पूर्वेचं आभाळ पाण्यात उतरतं आणि तेवढा पट्टा बाकीच्या पाण्यापेक्षा खूप उजळ असतो. बीव्हर त्यातून पोहत गेला की डोक्याची काळी आकृती आणि मागे पसरणारी पाण्याची रेघ, एवढ्यावर चित्र उभं राहतं. बीव्हरचे नाक, डोळे, कान डोक्यावर उंच आणि जवळपास एका रेषेत असतात, त्यामुळे पोहताना तेवढंच वर दिसतं. छायाकृतीला हे फार शोभतं. उजेड पट्ट्यासाठी मोजायचा, प्राण्यासाठी नाही. कॅमेरा पाण्याच्या अगदी पातळीवर नेला तर समोरच्या काठाची काळी झाडी प्रतिबिंबात येते. थोडा वर घेतला तर आभाळ येतं. बसल्याबसल्या वर-खाली करून बघा.

प्रश्न : आपल्याकडे बीव्हर कुठे दिसतो? नसेल तर सराव कशावर करावा?
— एक वाचक, बार्शी

भारतात बीव्हर नाही. एक जात युरोप-आशियाच्या उत्तर भागात, दुसरी उत्तर अमेरिकेत. आपलं पाणमांजर पोहताना काहीसं तसं वाटतं, पण ते मासे खाणारं. बीव्हर हा साल आणि पाला खाणारा कृंतक आहे, उंदीर-खारीच्या गणातला.

सरावाला माझं मत पाणकावळ्याला. तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर जा. काळा पक्षी, अंग पाण्यात बुडालेलं, वर फक्त मान. बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. बीव्हर टिपताना लागणारं सगळं तो शिकवतो: गडद अंगावरचा उजेड, चंचल फोकस, वाट बघणं. वारकरी पक्षीही चांगला. काळं अंग आणि पांढरी चोच एकाच चौकटीत सांभाळता आली की पुढचं सोपं जातं. फोकससाठी एकच बिंदू निवडा आणि तो काळ्या पिसांवर न धरता जिथे उजेड-अंधाराची कड आहे तिथे धरा. बीव्हरच्या बाबतीत ती कड म्हणजे ओल्या मिशा किंवा डोळ्यातली चमक.

प्रश्न : लहानसा फ्लॅश किंवा लाल टॉर्च वापरली तर चालेल का?
— हौशी छायाचित्रकार, पंढरपूर

नको. रात्री आणि संधिप्रकाशात वावरणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांवर अचानक झोत टाकणं मला मान्य नाही, मग तो बीव्हर असो की आपल्या माळावरचं खोकड. वाटेत पाय ठेवायला मंद लाल दिवा खाली जमिनीकडे धरा आणि जागेवर पोहोचलात की बंद करा. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा दिवा मेनूत जाऊन बंद करा, आवाज बंद करा, पडद्याचा उजेड अगदी कमी करा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे. तिथे वनखात्याची परवानगी काढून, ठरलेल्या वाटेनेच जायचं. लांडग्याच्या मागे माळावर गाड्या घालून त्याला दमवणारे लोक मी पाहिलेत आणि त्याचा मला संताप येतो. तसल्या फोटोची स्तुतीसुद्धा करू नये.

प्रश्न : ट्रायपॉड न्यावा की बीनबॅग? आणि लेन्सवर बाष्प धरतं, त्याचं काय?
— होटगी रोड

काठावर बसायचं तर बीनबॅग. विमानात रिकामी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ किंवा डाळ भरा. घरच्या सरावाला ज्वारी उत्तम, ती पिशवीत नीट बसते आणि कॅमेऱ्याच्या वजनाखाली सरकत नाही. उभं राहून तास-दोन तास वाट बघायची असेल तरच ट्रायपॉड. बाष्प दोन्हीकडे धरतं, कारणं उलट. पावसाळ्यात इथे एसी गाडीतून बाहेर दमट हवेत आलात की गार काचेवर बाष्प बसतं. तिथे थंडीतून उबदार घरात शिरताना तेच होतं. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवा आणि अर्धा तास तरी उघडू नका. मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. मी काय करू?
— गृहिणी, सात रस्ता

लांबच्या प्राण्यामागे मोबाइलचा झूम ताणू नका. नाइट मोड अनेक फोटो एकत्र जोडतो, त्यामुळे हलणारा प्राणी त्यात पुसट होतो. जागेचं चित्र घ्या: धुकं, काठावर कुरतडलेलं झाड, काटक्यांचं घर. मोबाइल दगडाला टेकवून तीन सेकंदांच्या टायमरवर ठेवा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. पडद्यावर उजळ आभाळाला बोट लावून उजेड थोडा खाली ओढा, पूर्वेचे रंग टिकतात. बीव्हर जवळ आलाच तर फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. साल कुरतडण्याचा कुर्रकुर्र आवाज शांत पहाटे बराच लांबून ऐकू येतो आणि मोबाइल तो नीट पकडतो.