वाद्यानं थोडं अडवलं पाहिजे

सप्रेम आशीर्वाद,

लॅपटॉपमध्ये ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोचे हवे तेवढे आवाज मिळतात, मग घरातलं ७३ पट्ट्यांचं धूड कशाला सांभाळायचं, असं विचारतोस. ‘आवाज तर सारखाच येतो’ म्हणतोस. येतो. त्यावर मी वाद घालणार नाही. पण वाद्यानं थोडं अडवलं पाहिजे रे.

उद्या त्याचं झाकण काढ आणि एकच पट्टी हळू दाब. हातोडीचं रबरी टोक पोलादी काडीवर बसतं आणि काडी पिकअपसमोर, म्हणजे तिचा कंप टिपणाऱ्या चुंबकासमोर, थरथरते. काडीवर एक बारीक स्प्रिंग दिसेल. ती टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो, मागे घेतली की चढतो. काडी पिकअपच्या केसभर जवळ आण, घंटेसारखा स्वर गुरगुरायला लागेल. यात एक अख्खी दुपार घालव. जोर कुठे द्यायचा आणि कुठे हात राखायचा, हे मग बोटांना विचारावं लागत नाही. लॅपटॉप अडवत नाही, म्हणून शिकवतही नाही.

हॅमंड ऑर्गनचंच बघ. लॉरेन्स हॅमंड घड्याळं बनवणारा माणूस. १९३५ च्या त्याच्या ऑर्गनमध्येही मोटरवर दातेरी चाकंच फिरतात. त्याच्या बी-३ या मॉडेलमध्ये ती ९१ आहेत. पट्टी दाबली की आतले संपर्क अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत आणि स्वराआधी ‘टक्’ होतं. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता, वाजवणाऱ्यांनी मात्र त्यावर ताल धरला. आज डिजिटल नकला तो ‘टक्’ मुद्दाम घालतात! दोष नक्कल करून मिळतो, पण त्याच्याशी केलेली झटापट कुठून आणणार?

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला. एका वेळी सोळा स्वर, आणि काखेत मारून नेता येईल असा. दोन वर्षांत मी माझं ऱ्होड्स विकलं. डीएक्स-७ मध्ये काही वाईट नव्हतं. मी आळशी होतो. त्यातला तयार इलेक्ट्रिक पियानो वर्षानुवर्षं प्रत्येक गाण्यात वाजवला, आत काय चाललंय हे एकदाही उघडून पाहिलं नाही. त्या काळातली माझी रेकॉर्डिंगं मी कुणाला ऐकवत नाही. तुलाही नाही ऐकवणार.

पुढे दुसरं ऱ्होड्स घेतलं. ते उचलताना पाठ गेली, तरी घेतलं ते बरंच केलं. म्हातारा स्वतःच्या खर्चाचं समर्थन करतोय, असं तुला वाटेल. वाटू दे. थोडं तसंही आहे.

पण ‘जुनं ते सोनं’ असलं काही मला म्हणायचं नाही. जुनं पुष्कळ भंगार असतं. तुझ्याकडचं अडवतं, म्हणून ठेव म्हणतोय. वर्षभर तरी विकू नकोस. नंतर विक, मी विचारणार नाही.

आणि हार्प, म्हणजे आतली पिकअपची चौकट, उचलताना निघालेले स्क्रू वाटीत ठेव. माझा एक आतच पडला होता. तीन महिने खालचा सा वाजवला की खुळखुळायचा.

तुझा,
काका