जयंती मेलेल्यांचीच? मग कल्कीचं काय?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. शाळेतला 'आजचा दिनविशेष' फळा त्यांच्याकडे असतो. रोज परिपाठाआधी कोणाचा तरी जन्म, कोणाचा तरी मृत्यू आणि एखादा 'जागतिक अमुक दिन' खडूनं उतरवायचा, आणि शनिवारी त्यावरच प्रश्नमंजुषा. त्या विचारतात : "दिन लिहावं की दिवस? वर्धापनदिन फक्त संस्थांचाच का? आणि जयंती फक्त दिवंगतांचीच असते का? आमच्या प्रश्नमंजुषेत 'हनुमान जयंती म्हणावे की हनुमान जन्मोत्सव?' असा प्रश्न आला होता. 'जयंती' लिहिणाऱ्या मुलाचा गुण गेला, कारण छापील उत्तर 'जन्मोत्सव' होतं."

बाई, पहिल्या दोन प्रश्नांकडे नंतर येतो, जागा उरली तर. तिसऱ्यानं माझं डोकं फिरलं आहे, आणि ते आजच फिरलेलं नाही. दरवर्षी चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री माझा फोन टुणटुणायला लागतो : 'जयंती मृत व्यक्तीची असते. हनुमान चिरंजीव आहेत. कृपया जयंती म्हणू नका.' खाली जोडलेले हात, त्याखाली भगवे झेंडे. पाठवणाऱ्यांत माझे सख्खे मेव्हणे, दोन निवृत्त अभियंते आणि एक संस्कृत घेऊन बी.ए. झालेले गृहस्थ. या शेवटच्यांनी तर गेल्या खेपेला व्याकरणही जोडलं होतं : "जयंतीत 'अंत' आहे, बघा ना!"

आहे ना. 'वसंता'तही आहे. 'हनुमंता'तही आहे. मग त्यालाही हनुमंत म्हणू नका!

हा 'अंत' शेवट नव्हे, प्रत्ययाचा तुकडा आहे. धातू 'जि', म्हणजे जिंकणे. त्यापासून जय, विजय, जेता, आणि त्यापासूनच जयन्ती : जिंकणारी, जिंकत असलेली. ती स्त्रीलिंगी का, हा खरा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही. इंद्राच्या मुलीचं नाव जयंती आहे, मुलाचं जयंत. संस्कृतात जयंती म्हणजे पताकाही, आपली वैजयंती तिचीच बहीण. पानमळ्यात वेलींना आधाराला लावतात त्या शेवरीचंही संस्कृत नाव जयंती. पण जन्मदिवसाशी जोडली गेलेली जयंती यांतली कुठलीच नव्हे. ती एक रात्र आहे. एकच, ठरावीक, नाव असलेली रात्र.

हरिवंशात कृष्णजन्माचा प्रसंग आहे. तिथे ही ओळ येते : 'अभिजिन्नाम नक्षत्रं जयन्ती नाम शर्वरी', आणि लगेच पुढे, विजय नावाच्या मुहूर्तावर जनार्दन जन्मला. नक्षत्र अभिजित्, रात्र जयंती, मुहूर्त विजय. तिन्ही नावं एकाच 'जि' धातूची! तुरुंगात मूल जन्माला येतंय, बाहेर कंस बसलाय, आणि कवी आकाशातल्या घड्याळाच्या तिन्ही काट्यांवर 'जिंकला, जिंकला, जिंकला' लिहून ठेवतो. शर्वरी, म्हणजे रात्र, स्त्रीलिंगी, म्हणून जयंतीही स्त्रीलिंगी. मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून गच्चीत फेऱ्या मारल्या होत्या.

पुढे धर्मशास्त्रकारांनी या नावाला चौकट घातली. श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री रोहिणी नक्षत्र आलं, तर त्या योगाला 'जयंती' म्हणायचं. रोहिणी नसेल तर ती नुसती जन्माष्टमी. काशीच्या कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू (१६१२) घ्या किंवा पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू (१७९० च्या सुमाराचा) घ्या, दोन्हींत जन्माष्टमीव्रत आणि जयंतीव्रत एकच की वेगवेगळी, दोन्ही एका दिवशी आली तर काय, आणि वेगळ्या दिवशी आली तर उपास कधी करायचा, याचा काथ्याकूट आहे. तो सगळा काथ्याकूट नक्षत्राचा. मयत माणसाचा त्यात संबंध नाही. जय आणि पुण्य देते म्हणून ती जयंती, एवढी साधी व्युत्पत्ती तिथे दिलेली असते.

आता माझं स्वतःचं एक मत सांगतो. आमचे एक पंचांगवाले स्नेही ते ऐकलं की चहा अर्धा टाकून उठतात. पंचांगात तिथींचे पाच गट आहेत : नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा. तृतीया, अष्टमी, त्रयोदशी या 'जया' तिथी. म्हणजे अष्टमी मुळातच जया. तिला चंद्राची लाडकी रोहिणी भेटली की जयेची जयंती होते. माझ्या मते हे नाव कवीला सुचलेलं नाही, ते आधीपासून काळगणनेच्या परिभाषेत असावं आणि कवीनं ते उचललं असावं. स्नेही म्हणतात, "मग आठ महाद्वादश्यांत जयंती नावाची द्वादशी आहे तिचं काय? द्वादशी तर भद्रा." मान्य, द्वादशी भद्रा. पण अहो, त्या द्वादशीला जयंती कधी म्हणतात? शुद्ध द्वादशीला रोहिणी असेल तेव्हाच! पुनर्वसू असेल तर जया, श्रवण असेल तर विजया, पुष्य असेल तर पापनाशिनी. म्हणजे किल्ली रोहिणीच. यावर ते म्हणतात की हरिवंशात तर नक्षत्र अभिजित् दिलंय. इथे मी विषय बदलतो.

तर अशी ही एका रात्रीची खासगी मालमत्ता. मग तिचं डालडा झालं. डालडा हे एका कंपनीच्या डब्यावरचं नाव, पण आपल्या आयांनी कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हटलं. तशी कृष्णाची जयंती नृसिंहाची झाली, वामनाची झाली, परशुरामाची झाली, दत्ताची झाली, माघात गणपतीचीही झाली. आणि गंमत पाहा, मूळ मालकाकडे मात्र ती उरली नाही. आपण कृष्णजयंती म्हणतच नाही, गोकुळाष्टमी म्हणतो.

आता 'मेलेल्यांचीच' या नियमाची परीक्षा घेऊ. सात चिरंजीव कोण? अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. अक्षय्य तृतीयेला परशुराम जयंती होते, मिरवणुका निघतात, तेव्हा मेव्हण्यांचा फोन गप्प असतो. तो चिरंजीव नव्हे? दत्तजयंतीला गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर माणसांनी फुलतात. त्यातल्या कोणाला दत्तगुरू गेले असं वाटतं? मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला गीताजयंती. ती तर माणसाचीसुद्धा नाही, ग्रंथाची. आणि माझं सगळ्यांत आवडतं हत्यार : श्रावण शुद्ध षष्ठी, कल्की जयंती. पंचांगात बघा. कल्की अवतार अजून व्हायचाच आहे. जो जन्मलाच नाही त्याची जयंती आपण बिनदिक्कत छापतो, आणि जो मेला नाही त्याची चालत नाही!

देव सोडा. माणसांत या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली सार्वजनिक जयंती १४ एप्रिल १९२८ ला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली असं सांगतात. बाबासाहेब तेव्हा सदतीस वर्षांचे होते, महाडच्या सत्याग्रहाला जेमतेम वर्ष झालं होतं. कलकत्त्यात डिसेंबर १९३१ मध्ये रवीन्द्र जयंतीचा मोठा सोहळा झाला. रवीन्द्रनाथ सत्तरीचे, हयात, आणि समारंभात स्वतः हजर. गांधीजींच्या हयातीतच त्यांची जयंती होत असे, आणि ती माझी नव्हे, चरख्याची जयंती माना असा त्यांचा आग्रह असे. गुजरातेत भाद्रपद वद्य द्वादशीला 'रेंटियाबारस' म्हणतात ते त्यामुळेच, रेंटियो म्हणजे चरखा. चरखा कुठे मेला होता? हिंदीत तर आजही संस्थेला पंचवीस वर्षं झाली की रजत जयंती आणि पन्नास झाली की स्वर्ण जयंती होते. आपण रौप्यमहोत्सव म्हणतो म्हणून आपल्याला ते विचित्र वाटतं, इतकंच.

हे मात्र खरं की आजच्या मराठीत माणसांपुरता एक संकेत रुळला आहे. हयात असेल तर वाढदिवस, गेल्यावर जयंती. आमदारांच्या वाढदिवसाच्या फलकावर तुम्ही 'जयंतीनिमित्त' छापलंत तर मी व्युत्पत्ती घेऊन तुमच्या बचावाला येणार नाही. पण गेल्या काही दशकांत वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून पक्का झालेला संकेत उचलून मारुतीच्या माथी मारायचा आणि वर शास्त्राचा आव आणायचा, याला माझा विरोध आहे.

'जन्मोत्सव' शब्दाशी माझं भांडण नाही, तो सुरेख आणि जुना आहे. पण त्याचं काम वेगळं. रामाचा जन्म दुपारी बाराला, नृसिंहाचा सूर्यास्ताला, कृष्णाचा मध्यरात्री, मारुतीचा सूर्योदयाला. पहाटेपासून कीर्तन रंगतं, बुवा आख्यान बरोबर सूर्य उगवण्याच्या क्षणाला आणून पोचवतात, गुलाल उधळतो, पाळणा हलतो, सुंठवडा मिळतो. तो जन्मोत्सव. ज्या दिवशी हे होतं तो दिवस म्हणजे जयंती. हनुमान जयंतीला जन्मोत्सव असतो. दोन्ही शब्द एका वाक्यात सुखानं नांदतात. 'हे की ते' असा प्रश्नच चूक होता, बाई.

शुद्धतेची एवढीच हौस असेल तर चौकाचौकांतले फलक वाचा. 'पुण्यतिथीनिमित्त हार्दिक शुभेच्छा'! हा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, एकदा नव्हे. त्यावर कोणाचाही संदेश येत नाही.

वर्धापनदिनाचं तुम्ही विचारलंत. आज तो बँकांचा आणि वर्तमानपत्रांचा झालाय, पण मूळचा लहान मुलाचा आहे. संस्कृतात वर्धापन म्हणजे वाढदिवसाचा विधी, 'वाढवणं'. धर्मसिंधूत वर्धापनविधी दिलेला आहे. आणि त्या विधीत आयुष्य मागायला कोणाकोणाला बोलावतात? मार्कंडेयाला आणि चिरंजीवांना. हनुमानासकट. तेव्हा एखाद्या पतपेढीच्या वर्धापनदिनाला मारुतीचा फोटो दिसला तर नाक मुरडू नका.

राहिला दिन की दिवस. दोन्ही संस्कृत, दोन्ही बरोबर. मराठीत सुटा चालतो तो दिवस. 'तीन दिन झाले' म्हणणारा हिंदीतून आलाय हे लगेच कळतं. समासात मात्र दिन : स्वातंत्र्यदिन, महाराष्ट्र दिन, शिक्षक दिन. म्हणून २१ मेचा आंतरराष्ट्रीय चहा दिन, २३ ऑगस्टचा जागतिक वडापाव दिन. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन तर नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकारानं सुरू झालेला, त्याला फळ्यावर मानाची जागा द्या. 'दिवस' लिहिलंत तरी आभाळ कोसळत नाही. फक्त एक सांगतो. ज्यांना जयंतीत मरणाचा वास येतो त्यांनी 'दिवस' जपून वापरावा. मराठीत दिवस जातात ते बाळाच्या चाहुलीचे, आणि दिवस घालतात ते गेलेल्या माणसाचे. 'शाळेत चिमणीचे दिवस घातले' असं चुकूनही लिहू नका.

आणि 'दि' ऱ्हस्व, काही झालं तरी. दिन तत्सम आहे, मराठी उच्चारात लांबला तरी लिहिताना लांबत नाही. 'शिक्षक दीन' असं तोरण मी एका शाळेच्या दारावर पाहिलं आहे. पगाराच्या तारखा ऐकल्यावर ते मुद्दाम लिहिलं असावं अशी शंका आली, पण नाही, चूकच होती.

त्या मुलाचा गुण परत द्या. आणि मंजुषेसाठी नवे प्रश्न हवे असतील तर दोन देतो. २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मलेल्या मोरारजी देसाईंना स्वतःच्या तारखेचा पहिला वाढदिवस कोणत्या वर्षी मिळाला? मुलं १९०० म्हणतील. उत्तर १९०४, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं. दुसरा तुम्हाला आता माहीतच आहे : जन्माआधीच जयंती कोणाची? छापील उत्तरात काय येतं ते मला कळवा.