वाचक विचारतात : सहा मतांची पोटनिवडणूक

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या आमच्या भागातल्या पोटनिवडणुकीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार प्रश्नांना इथे उत्तरं देते.

प्रश्न (सांगली) : तुमच्या मतदारसंघात उजव्या विचारांचा रिफॉर्म पक्ष फक्त ६ मतांनी जिंकला असं तुम्ही लिहिलंत. आधीच्या वर्षी तिथे मजूर पक्षाला १४ हजारांचं मताधिक्य होतं. दहा महिन्यांत एवढी मतं गेली कुठे? सगळे लोक उजवीकडे वळले का?

उत्तर : माझंही पहिल्या दिवशी असंच मत झालं होतं. मग आकडे मांडून बसले.

आमचा मतदारसंघ रनकॉर्न आणि हेल्सबी. मी राहते फ्रॉड्शमला आणि औषधांच्या दुकानात काम करते रनकॉर्नला. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत इथे मजूर पक्षाला २२,३५८ मतं पडली, रिफॉर्मला ७,६६२. १ मे २०२५ च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाला १२,६३९ आणि रिफॉर्मच्या सारा पोचिन यांना १२,६४५. म्हणजे मजूर पक्षाची ९,७१९ मतं घटली आणि रिफॉर्मची वाढली ४,९८३. आता सांगा, सगळे तिकडे गेले असते तर हे दोन आकडे सारखे नकोत का? मतं इकडून तिकडे थेट सरकत नाहीत, हे मान्य. काही हुजूर पक्षाचेही रिफॉर्मकडे गेले, काही मजूरवाले ग्रीन पक्षाकडे गेले. पण मोठा गठ्ठा घरीच बसला. मतदान ४६ टक्क्यांच्या आसपास झालं.

त्या घरी बसलेल्यांपैकी एक जण मला माहीत आहेत. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, उमेदीची सगळी वर्षं इथल्या रसायनांच्या कारखान्यात गेलेली. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येतात आणि दर वेळी माझ्या सांगलीच्या आईची चौकशी करतात. जन्मभर मजूर पक्षाला मत दिलेला माणूस. एप्रिलमध्ये गोळ्यांची पिशवी हातात घेऊन म्हणाले, ‘‘या खेपेला मी जाणार नाही. यांना द्यायचं नाही आणि त्यांना देववत नाही.’’ राग कशाचा होता? हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार म्हाताऱ्यांना वर्षाला २०० ते ३०० पौंड द्यायचं, ते सत्तेवर आल्या आल्या मजूर सरकारने बहुतेकांचं बंद केलं. त्यांचं दोनशे पौंडांवाचून अडलं नसतं. ‘‘पण आधी आमच्याकडेच हात गेला,’’ असं ते म्हणाले, आणि ते त्यांना लागलं होतं.

दुकानात राजकारण बोलायचं नाही हा नियम मी पाळते, म्हणून गप्प राहिले. पण २ मेच्या सकाळी निकाल कळला तेव्हा सगळ्यात आधी तेच डोळ्यांसमोर आले. अशी सहा माणसं नाही, सहा हजार माणसं इथे होती.

रात्रभर मोजणी चालली होती. आधी चार मतांचा फरक निघाला, मग मजूर पक्षाने फेरमोजणी मागितली आणि पहाटे तो सहावर थांबला. इथे सगळं कागदावर आणि हाताने मोजतात, यंत्र नाही. दोघांना सारखी मतं पडली असती तर चिठ्ठी टाकून निकाल लावायची कायद्यातच सोय आहे. मुंबईकरांना हे नवं नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत २२० नंबरच्या प्रभागात नेमकं हेच झालं होतं.

आणि दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले ते पाच मतांनी. आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारा माणूस ब्रिटिश पार्लमेंटात पोचला तो पाच माणसं घराबाहेर पडली म्हणून. मला हे आठवलं की अंगावर काटा येतो.

प्रश्न (नाशिक) : तिथला खासदार राजीनामा देऊ शकत नाही हे खरं का? आणि मतदान नेहमी गुरुवारीच का?

उत्तर : खरं आहे. सरळ राजीनाम्याची वाट नाही. खासदार अर्थमंत्र्यांकडे अर्ज करतो, त्याला ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ किंवा ‘नॉर्थस्टेड’ या नावापुरत्या उरलेल्या सरकारी पदावर नेमतात, आणि ते पद घेतलं की खासदारकी आपोआप जाते. आमचे आधीचे खासदार माइक ॲम्सबरी यांना फ्रॉड्शमच्या मेन स्ट्रीटवर एका मतदाराला मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि त्यांनी जागा सोडली. सोडली नसती तर दुसरी तरतूद होतीच : मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सहा आठवड्यांत सह्या केल्या की खासदार घरी. ही सोय आपल्याकडेही हवी असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार ही फक्त पडलेली रीत आहे. आमच्या गावात गुरुवारी बाजार भरतो. त्या दिवशी मेन स्ट्रीटवर भाजीच्या पाट्या मांडलेल्या होत्या आणि लोक हातात पिशव्या घेऊन मतदानाला जात होते.

प्रश्न (कसबा पेठ, पुणे) : पोटनिवडणुकीवरून पक्षाचं भवितव्य कळतं का? आमच्याकडे २०२३ मध्ये काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले तेव्हा सगळे म्हणाले, वारं फिरलं. पावणेदोन वर्षांत ती जागा परत भाजपकडे. तिकडेही असंच होतं का?

उत्तर : तुम्ही कसब्याचं उदाहरण दिलंत म्हणून बरं झालं, कारण इथे तोच वाद दर पोटनिवडणुकीनंतर होतो. माझं मत विचाराल तर पोटनिवडणूक म्हणजे लोकांनी सरकारला लिहिलेलं पत्र. ते नीट वाचायचं असतं. त्याची कुंडली करायला गेलात की फसलात.

सगळ्यात चांगलं उदाहरण लंडनच्या पश्चिमेचं अक्सब्रिज. बोरिस जॉन्सन यांनी सोडलेली जागा. जुलै २०२३ मध्ये एकाच दिवशी तीन पोटनिवडणुका झाल्या. यॉर्कशरमधल्या सेल्बीत हुजूर पक्षाचं २० हजारांचं मताधिक्य मजूर पक्षाच्या पंचवीस वर्षांच्या उमेदवाराने पुसून टाकलं, सॉमरसेटमधली जागा लिबरल डेमोक्रॅट्सनी नेली. अक्सब्रिज मात्र हुजूर पक्षाने ४९५ मतांनी राखलं, कारण लंडनचे महापौर जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा कर तिथवर वाढवत होते आणि लोक चिडले होते. तीन निकालांपैकी ऋषी सुनक यांच्या पक्षाने धडा घेतला तो या एकाच निकालाचा. पुढचं वर्षभर ‘मोटारचालकांच्या बाजूने’ म्हणत राहिले. २०२४ ला पक्ष १२१ जागांवर आला आणि अक्सब्रिजसुद्धा ५८७ मतांनी मजूर पक्षाकडे गेलं. दोन पत्रं न उघडता ठेवली आणि आपल्याला आवडलेलं तिसरं वाचलं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं.

उलट बाजूही तशीच. २०२१ च्या पोटनिवडणुकीत हार्टलपूल मजूर पक्षाने गमावलं तेव्हा पक्षनेते कीर स्टार्मर पद सोडायच्या विचारापर्यंत आले होते. तीन वर्षांनी ते पंतप्रधान झाले, ४११ जागा घेऊन, त्यात हार्टलपूलही. आणि १९६२ ला ऑर्पिंग्टन जिंकल्यावर लिबरल पक्षाचं युग आलं असं लोक बोलत होते; १९६४ ला त्यांना मिळाल्या ९ जागा.

पण म्हणून पोटनिवडणूक फुकट जाते असं समजू नका. ऑक्टोबर १९९० मध्ये ईस्टबोर्नसारखी पक्की जागा हुजूर पक्षाच्या हातून गेली. आधीच धास्तावलेले खासदार आणखी घाबरले आणि नोव्हेंबरमध्ये मार्गारेट थॅचर यांना जावं लागलं. आमच्या सहा मतांनीही काम केलं. निकालानंतर तीनच आठवड्यांनी स्टार्मर यांनी पार्लमेंटात सांगितलं की हिवाळ्याच्या पैशांचा निर्णय बदलायचा विचार आहे, आणि जूनमध्ये तो बदललाही. ही बातमी मी माझ्या त्या गिऱ्हाइकाला सांगितली, तर ते म्हणाले, ‘‘मग जानेवारीत का नाही?’’ मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी गोष्ट वेल्समधल्या कर्फिलीची. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीत रिफॉर्म जिंकणार अशी हवा होती. मजूर पक्षाचा शंभर वर्षांचा बालेकिल्ला. मजूर पक्ष ११ टक्क्यांवर आला खरा, पण जागा गेली प्लाइड कम्री या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाकडे, ४७ टक्के मतांनी. रिफॉर्म ३६ वर थांबला. मतदान ५० टक्क्यांच्या वर गेलं. जिंकले लिंडसे व्हिटल, वय ७२, जे १९८३ पासून निवडणुका लढवत होते. रिफॉर्मला अडवायचं तर कोणाला मत द्यायचं हे तिथल्या लोकांनी आपसांत ठरवलं. रनकॉर्नमध्ये आम्ही ते ठरवू शकलो नाही. ग्रीन पक्षालाच दोन हजारांवर मतं गेली. त्या मतदारांना मी दोष देत नाही, पण आकडा विसरता येत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : माझा मुलगा मँचेस्टरला नोकरीला आहे, पासपोर्ट भारताचा. तो म्हणतो, ‘‘मला काय करायचंय तिकडच्या निवडणुकीशी?’’ तुमचं काय मत?

उत्तर : त्याला सांगा, त्याला मत आहे! रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून इथे पार्लमेंटसाठीही मत देता येतं. हे कितीतरी मराठी मुलांना ठाऊकच नसतं. नाव नोंदवायला संगणकावर पाच मिनिटं लागतात. २०२३ पासून ओळखपत्र दाखवावं लागतं, पण आपला भारतीय पासपोर्ट चालतो. मी स्वतः तोच घेऊन जाते.

१ मेला मी कामावर जायच्या आधी गेले. टेबलामागच्या बाईंनी माझा निळा पासपोर्ट उघडला, माझं नाव अक्षर लावून वाचायचा प्रयत्न केला, यादीत रेघ मारली आणि हातभर लांब मतपत्रिका दिली. पंधरा उमेदवार होते. बोटाला शाई नाही, शिक्का नाही. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते, तिने फुली मारायची. मी मजूर पक्षासमोर मारली. खरं तर रागावले होते, कारण त्या प्रचारात आश्रय मागायला आलेल्यांना ठेवलेल्या इथल्या हॉटेलवरून दोन्ही पक्ष ज्या सुरात बोलत होते तो ऐकून मला रात्री झोप लागली नव्हती. मीही बाहेरूनच आलेली. तरी गेले, कारण न जाण्याने कोणाला मदत होणार हे मला दिसत होतं.

तुमच्या मुलाचा पत्ता मँचेस्टरच्या कुठल्या मतदारसंघात येतो ते त्याला आजच बघायला सांगा. पोटनिवडणूक जाहीर झाली की नोंदणीला थोडेच दिवस उरतात.