गाण्यांसाठी मधल्या किमतीचा फोन पारखताना
खोक्यावरच्या ‘हाय-रेझ’ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज) शिक्क्यावर जाऊ नका. रोजचा वायरचा इअरफोन सोबत न्या. आधी इक्वलायझर (बास, ट्रेबल कमी-जास्त करणारी सेटिंग) आणि ‘साउंड इफेक्ट’ बंद करा, नाहीतर फुगवलेला बासच चांगला वाटतो. मग संथ, शांत सुरुवातीचं गाणं लावा. आलापाआधीच्या शांततेत बारीक ‘स्स्स’ ऐकू आलं, तर फोनमधला हेडफोनसाठीचा अ‍ॅम्प्लिफायर गोंगाट करतोय. कानात बसणाऱ्या इन-इअर इअरफोनमध्ये हा दोष लगेच पकडता येतो. आवाज निम्म्यावर ठेवून पिन हळूच फिरवा. खरखर झाली किंवा एक बाजू गेली, तर जॅक ढिला आहे.

3.5 मिमी जॅकच नसेल, तर टाइप-सीचा साधा अ‍ॅडॉप्टर चालतो का विचारा. बऱ्याच फोनना आत डॅक चिप (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी) असलेलाच अ‍ॅडॉप्टर लागतो, साध्यातून आवाजच येत नाही. ब्लूटूथवर एलडॅक (जास्त डेटा पाठवणारा, वरच्या दर्जाचा कोडेक) हवा असेल तर तो हेडफोनमध्येही हवा, नाहीतर जोडणी एसबीसी किंवा एएसी या नेहमीच्या कोडेकवर होते.

मेमरी कार्डाची खाच जरूर बघा. सीडी दर्जाचं चार मिनिटांचं फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणारा फाइल प्रकार) गाणं साधारण 25 ते 30 एमबी घेतं, आणि हायब्रिड ट्रेमध्ये (दुसरं सिम आणि कार्ड यांची एकच जागा) कार्डासाठी दुसरं सिम सोडावं लागतं.